जुन्या ट्रकच्या बोनेटखाली काम करताना: धोके कुठले, आणि काम अडतं कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरची जुनी टाटा १२१० एसई आहे, हंगामात ऊस आणि एरवी खडी-मुरूम वाहते. पाण्याचा पंप गळायला लागला म्हणून बोनेट उघडलं. बोल्ट सुटेनात, एक तर डोक्यापासून तुटला. मागच्या नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) पाइपांना हात पोचेना. शेवटी सेल्फ (स्टार्टर मोटर) शॉर्ट करून इंजिन फिरवायला गेले तर गाडीच हातभर पुढे आली. काम इतकं चिवट का, आणि जीव सांभाळून ते कसं करायचं?

गाडी पुढे आली ती गोष्ट आधी घेतो. बाकी सगळ्यांत फार तर हात जाईल, यात माणूस जातो.

या गाडीच्या इंजिनाला चावीशी काही देणंघेणं नाही. पेट्रोल गाडीची चावी काढली की ठिणगी बंद, इंजिन बंद. जुन्या डिझेलमध्ये ठिणगीच नसते. डिझेल फवारणारा इंजेक्शन पंप मेकॅनिकल, त्याला वीज लागत नाही. इंजिन एकदा सुरू झालं की बॅटरी उचलून बाजूला ठेवली तरी ते चालू राहतं. ते बंद होतं फक्त स्टॉपर ओढल्यावर, म्हणजे त्या पंपाचं डिझेल तोडल्यावर. त्यामुळे ‘चावी काढली आहे, बॅटरीची वायर काढली आहे’ एवढ्यावर इथे विसंबता येत नाही.

स्क्रूड्रायव्हरने सेल्फ शॉर्ट करताना नेमकं काय होतं ते बघा. सॉलेनॉइडच्या (सेल्फवरच्या विजेच्या स्विचच्या) छोट्या टर्मिनलला बॅटरीचा जाड टर्मिनल जोडला की पिनियन, म्हणजे सेल्फचं छोटं दातेरी चाक, इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये अडकतो आणि सेल्फ फिरतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये असेल तर एकटा सेल्फसुद्धा अख्खा ट्रक ढकलू शकतो. त्यात इंजिन गरम असेल तर ते लगेच पकडतं, आणि मग स्क्रूड्रायव्हर काढला तरी गाडी थांबत नाही. केबिनमध्ये कुणी नाही, क्लच दाबायला कुणी नाही, आणि शॉर्ट करणारा चाकाच्या पुढ्यात चॅसिसला टेकून बसलेला. गॅरेजमध्ये ही सवय सर्रास दिसते. ती सोडाच. सेल्फचं बटण किंवा स्विच खराब असेल तर तो आधी दुरुस्त करा, खर्च किरकोळ आहे. तपासणीसाठी बाहेरून फिरवायचंच असेल तर दोन वायरी आणि दाबाचं बटण असलेला रिमोट स्विच लावा आणि चाकांच्या रेषेबाहेर उभे राहून दाबा.

बोनेट उघडण्याआधीचा क्रम असा ठेवा. गाडी सपाट जागी, गिअर न्यूट्रल, आणि न्यूट्रल आहे हे केबिनमध्ये चढून हाताने दांडा हलवून बघायचं, बाहेरून विचारून नाही. हँडब्रेक ओढलेला. मागच्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी गुटके, दगड घसरतो. हवेच्या ब्रेकवर भरवसा नको, जुन्या गाडीची टाकी रात्रभरात रिकामी होते. स्टॉपर ओढून तारेने बांधून ठेवा म्हणजे इंजिन फिरलं तरी पकडणार नाही. मग बॅटरीची अर्थिंगची वायर काढा. चावी काम करणाऱ्याच्या खिशात. आणि बोनेटच्या मूळ दांडीवर विसंबू नका. बिजागऱ्या झिजलेल्या असतात, वाऱ्याच्या झोताने पत्रा मानेवर येतो. बाजूला एक लाकडी टेकू किंवा वरून दोरी हवीच.

सुरू झालेलं इंजिन बंदच होत नाही, वेग वाढतच जातो, हा दुसरा मोठा धोका. कारणं मुख्यतः दोन. डिझेल पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) अडकणं, हे महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत होतं. दुसरं म्हणजे ऑइल बाथ एअर क्लीनर (तेलाच्या मदतीने हवा गाळणारा) खुणेच्या वर भरणं. खालच्या वाडग्यात आतल्या रेषेपर्यंतच तेल घालायचं असतं. ‘थोडं जास्त असू दे’ म्हणून वर भरलं की इंजिन ते तेल ओढून इंधनासारखं जाळतं, आणि मग स्टॉपर ओढून उपयोग नाही, कारण डिझेल बंद झालं तरी तेल जातंच आहे. त्यासाठी मोठी दुरुस्ती झाल्यावर पहिल्यांदा स्टार्ट करताना एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवा आणि मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या) तोंडापेक्षा मोठी सपाट फळी किंवा जाड पत्रा हाताशी ठेवा. वेग हाताबाहेर गेला तर ती फळी तोंडावर दाबायची, हवा तुटली की इंजिन मरतं. तळहात लावायचा नाही, चिंधी लावायची नाही. ओढ इतकी असते की चिंधी आत जाते.

आता पाणी. खंबाटकी किंवा कसाऱ्याचा चढ भरल्या गाडीने चढला, काटा लाल पट्ट्यात गेला, की ड्रायव्हरचा पहिला हात रेडिएटरच्या झाकणावर जातो. झाकण पाण्यावर दाब ठेवतं. अर्धा बार दाबाखाली पाणी १११ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब एकदम उतरतो, आणि १०० च्या वर तापलेलं ते पाणी जागच्या जागी वाफ होऊ लागतं. वाफ पाण्याच्या दीड हजारपटीहून जास्त जागा मागते, म्हणून ते नुसतं सांडत नाही, तोंडावर फवारा उडतो. इंजिन बंद करून किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वरच्या होजला हात लावून बघा, हात टिकला आणि होज दाबली गेली तरच झाकणाला हात लावा. जाड गोणपाट टाकून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, फुसफुस पूर्ण थांबल्यावर उरलेलं. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, ग्रीस काही लावू नका.

तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका. हेडला चीर जाते किंवा हेड पॅकिंग जातं, आणि मग पाच मिनिटांच्या घाईसाठी हेड उतरवायची वेळ येते. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकण्याची पद्धतही चुकीची आहे. तो काढला की बायपासची वाट कायम उघडी राहते, काही पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच फिरतं. थंडीत इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, सिलिंडर लवकर झिजतात. तापण्याचं खरं कारण बहुतेक वेळा क्षार असतो. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी घातलेल्या गाडीच्या ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडला तर पाणी येतच नाही. तारेने टोचावं लागतं, मग लालसर गाळ येतो. कूलंट वापरत असाल तर काढलेलं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका. ते गोड असतं, विषारी असतं, कुत्री-वासरं पितात.

पाण्याचा पंप बदलायचा आहे हे आधी पक्कं करा. पंपाच्या अंगावर खालच्या बाजूला एक छोटं छिद्र असतं. तिथून थेंब येत असतील तर आतलं सील गेलं. ते छिद्र एमसीलने बुजवणारे आहेत; बुजवलं की पाणी बेअरिंगमध्ये जातं, बेअरिंग फुटतं आणि फॅन सुटून रेडिएटर फाडतो. फॅनचं पातं धरून पुढेमागे हलवा, खेळ जाणवला तर बेअरिंग संपलं आहे. पंप आणि पॅकिंग मागवताना गाडीच्या मॉडेलवर जाऊ नका, ब्लॉकवरचा इंजिन नंबर वाचा. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. ६९७ म्हणजे सहा आणि ९७. जुन्या १२१० मध्ये पुढे ६९७ बसवलेल्या गाड्या कमी नाहीत.

हा फॅन पट्ट्यावर चालतो, इंजिन चालू असेतो फिरतोच. गळ्यातला गमछा, लोंबती बाही, मोकळी ओढणी, हातातलं कडं, सगळं काढून ठेवा. पट्टा ओढून इंजिन हाताने फिरवू नका, पुली आणि पट्ट्यात बोट सापडतं. क्रँक पुलीच्या नटावर लांब पाना लावून फिरवा.

बोल्ट का अडतात? पंपाचे काही बोल्ट थेट पाण्याच्या जागेत उघडतात, बाकीच्यांवर गळतीचं पाणी वर्षानुवर्षं मुरतं. आट्यांमध्ये गंज फुगतो आणि बोल्ट भोकात चेपला जातो. अशा वेळी जोर वाढवला की बोल्ट फिरत नाही, पिळला जातो. डोकं हलतंय पण मऊसर, रबरासारखं लागतंय असं हाताला जाणवलं की थांबा. ती तुटण्याच्या आधीची अवस्था असते. जोरावर अडून बसलं की इथेच बोल्टही जातो आणि पाना निसटून बोटांची सालंही जातात.

आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारा. नसेल तर डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मंनिम्मं मिसळून ब्रशने लावा. सकाळी परत लावा. बोल्टच्या डोक्यावर सरळ, हातोडीचे आठ-दहा नेमके ठोके द्या, बोल्ट वाकेल असे नकोत. धक्क्याने गंजाला तडे जातात आणि तेल आत शिरतं. मग सहापैलू गोटी (सॉकेट) लावा, बारापैलू नाही, ती कडा खाते. आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवा. ‘टक’ आवाज आला तर पाव फेरी सोडा, परत आवळा, परत सोडा. नाहीच हलला तर गरम करा, पण बोल्ट नाही, त्याच्या भोवतीचं बीड (ओतीव लोखंड). बीड पसरतं, भोक किंचित मोठं होतं. गरम बोल्टवर मेणबत्ती टेकवली तर वितळलेलं मेण आट्यात ओढलं जातं. गॅस पेटवण्याआधी डिझेलचे पाइप, रबरी होज, वायरी बाजूला घ्या, ओल्या गोणपाटाने झाका, आणि डीसीपीचा (कोरड्या पावडरचा) अग्निशामक पायाशी ठेवा. डिझेलच्या आगीवर पाणी मारलं की आग पाण्याबरोबर पसरते.

तुटलाच तर पहिला उपाय ड्रिल नाही. तुकडा पृष्ठभागाच्या वर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरा, थोडं निवू द्या आणि त्या नटाने फिरवा. वेल्डिंगची उष्णताच अर्धं काम करते. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या आणि डायनामोच्या वायरी काढा. तुकडा आत असेल तर सेंटर पंचने अगदी मध्यावर खूण, मग ५ मिलिमीटरचं ड्रिल, मग एक्स्ट्रॅक्टर (तुटका बोल्ट काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार). एक्स्ट्रॅक्टरवर जोर करू नका. तो कडक पोलादाचा असतो. आत तुटला तर साधं ड्रिल त्याला लागत नाही. नाहीच निघाला तर ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी ६.८ चं ड्रिल आणि नवा टॅप (आटे पाडायचं हत्यार), १० साठी ८.५ चं. नवे बोल्ट ८.८ ग्रेडचे घ्या, पाण्यात उघडणाऱ्या बोल्टच्या आट्यांना सीलंट लावा, बाकीच्यांना थोडं ग्रीस. कोरड्या आट्यांना ८ मिलिमीटरचा बोल्ट साधारण अडीच किलोग्रॅम-मीटरला आवळतात. तेल-ग्रीस लावलं असेल तर त्याहून थोडं कमी, नाहीतर तोच जोर जास्त ताण देतो. समोरासमोरच्या जोड्या धरून दोन-तीन टप्प्यांत आवळा.

पाने घसरण्याचं एक कारण कुणी बघत नाही. टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) १९५४ साली जर्मन डायम्लर-बेंझबरोबर जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले, म्हणून टाटाचे आटे मेट्रिक. लेलँड कॉमेट ब्रिटिश घराण्यातली, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या फार्गो आणि डॉज अमेरिकी, तिथे इंचाचं माप. तीस-चाळीस वर्षांत हाताला लागेल तो बोल्ट मारलेल्या गाडीत दोन्ही सापडतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३ चा पाना बसतो, पण ०.३ चा खेळ ठेवून बसतो आणि गंजलेल्या नटाच्या कडा गोल करतो. ३/४ इंच म्हणजे १९.०५, त्यावर १९ चा पाना चालून जातो. पाना किंचित हलतोय असं वाटलं तर इंचाचा लावून बघा. आणि मेट्रिक भोकात इंचाचा बोल्ट दोन फेऱ्या जाऊन अडत असेल तर रेटू नका, ब्लॉकचे आटे जातात.

मागच्या दोन सिलिंडरना हात पोचत नाही हा तुमचा दोष नाही. एसई म्हणजे अर्धं इंजिन बोनेटखाली, अर्धं केबिनमध्ये घुसलेलं. पाचव्या-सहाव्याचं काम केबिनमधलं इंजिन कव्हर काढून वरूनच करायचं. ते टाळून बोनेटमधून उलटा हात घालणारे नट चुकीच्या आट्यावर चढवतात.

डिझेलचे पाइप सोडले की लाइनमध्ये हवा शिरते. ती काढायची दिशा टाकीकडून इंजिनाकडे. फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) हातपंप मारत आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की घट्ट. मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू, तसंच. शेवटी नोझलकडच्या पाइपांचे नट अर्धी फेरी सैल करून सेल्फ मारा. त्यासाठी बांधलेला स्टॉपर सोडावा लागतो, म्हणून न्यूट्रल आणि गुटके पुन्हा बघा. डिझेल येईल तो नट आवळत जा. हवा परत परत शिरत असेल तर टाकी ते फीड पंप हा भाग तपासा. तिथे ओढ असते, म्हणून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. बाहेरून कोरडा दिसणारा जोडच चोर असतो. तांब्याचे वायसर नवे टाका. नसतील तर जुने लालबुंद तापवून पाण्यात बुडवा, तांबं मऊ होऊन परत बसतं.

इथे ज्या धोक्याला लोक हसतात तो सांगतो. नोझल २०० बारच्या आसपास उघडतो. पाइपाला केसाएवढी चीर असेल किंवा नोझल बाहेर काढून तपासत असाल तर ती धार कातडीतून सरळ आत जाते. दिसायला सुईचं टोचणं, रक्तही नाही, दुखतही नाही. आत मात्र डिझेल स्नायूंमधून पसरत असतं, काही तासांत बोट सुजतं, उशीर झाला तर कापावं लागतं. गळती बोटाने शोधू नका, पुठ्ठा फिरवा, पुठ्ठ्यावर रेघ उमटते. धार लागलीच तर दुखायची वाट न बघता त्याच तासात शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि ‘डिझेल प्रेशरने आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘टोचलं’ म्हणालात तर धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतील.

वायरिंगबद्दल थोडक्यात. बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या जाड केबलला फ्यूज नसतो. तिचं रबर तडकलेलं असेल आणि पाना एकीकडे केबलला, दुसरीकडे चॅसिसला टेकला तर पाना लाल होतो. अंगठी मध्ये आली तर बोट जळतं. म्हणून काढताना अर्थिंग आधी, लावताना अर्थिंग शेवटी. चार्ज होणाऱ्या बॅटरीजवळ विडी नको, तिच्यातून हायड्रोजन निघतो. उजेडासाठी २३० व्होल्टचा उघडा बल्ब बोनेटमध्ये टांगू नका. चार्जिंगचा एलईडी दिवा स्वस्त आहे. सेल्फ काढताना शेवटचा बोल्ट सोडण्याआधी खाली आधार द्या, दहा-पंधरा किलोंचं ते धूड अंगावर येतं. मॅनिफोल्ड उघडं असेल तर पोर्टमध्ये स्वच्छ फडकी कोंबा, आणि किती कोंबली ते मोजून ठेवा.

जुन्या सायलेन्सर मॅनिफोल्डच्या आणि हेडच्या पॅकिंगमध्ये, क्लच प्लेटमध्ये आणि ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ते सुकं खरवडू नका, ग्राइंडर लावू नका, कंप्रेसरच्या हवेने उडवू नका. पाण्याने भिजवून पातीने काढा, कचरा पिशवीत बांधा. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली कर्करोगकारक ठरवलं आहे, त्यामुळे बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून ट्यूनिंग करत बसू नका. वापरलेलं इंजिन ऑइलही कातडीला घातक. हात डिझेलने धुण्याची सवय मोडा; कामाआधी हाताला खोबरेल चोळा, नंतर साबणाने मळ सहज निघतो.

पंप बसल्यावर पट्टा असा ताणा की दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर १० ते १५ मिलिमीटर दबेल. जास्त ताणला तर नव्या पंपाचं बेअरिंग जाईल. पाणी हळू भरा, हवा निघायला वेळ द्या. हत्यारं आणि कोंबलेली फडकी मोजा, मग स्टार्ट करा आणि काटा स्थिर होईपर्यंत न्यूट्रलवरच चालवा. पन्नास-साठ किलोमीटरनंतर इंजिन पूर्ण गार झाल्यावर पाण्याची पातळी बघा, होजच्या क्लिपा परत आवळा आणि पट्टा पुन्हा एकदा ताणा. नवा पट्टा पहिल्या फेरीत हमखास सैल पडतो.